शेपटी दाखवा

पश्चिम गॅलरीच्या तड्यावर चिकटवलेली काचपट्टी फेब्रुवारीतल्या एका सोमवारी सकाळी पुन्हा फुटलेली आढळली. हिवाळ्यापासून फुटलेली ही तिसरी काच. ती कोणी फोडली हे त्या दिवशी कोणालाच माहीत नव्हते. संशय मात्र एकाच माणसावर होता, आणि तो माणूस मैदानाच्या मधोमध काळी छत्री उघडून उन्हात बसला होता.

मैदान म्हणजे जालना जिल्ह्यातल्या एका तालुक्याचे क्रीडा संकुल. गावाचे नाव इथे देत नाही. माणसाचे नाव देता येणार नाही, कारण त्याने मला एक आडनाव सांगितले होते आणि फाटकावरच्या चहावाल्या अनसूयाबाईंना दुसरे. सगळे त्याला मिस्त्री म्हणत. मी त्या काळात एका दैनिकाचा तालुका प्रतिनिधी होतो आणि संध्याकाळी चहाला त्या फाटकावर असे. मिस्त्रीबद्दल जे मी पाहिले आणि जे इतरांनी सांगितले, ते वेगवेगळे ठेवण्याचा प्रयत्न केला आहे.

संकुलाला प्रेक्षकांना बसायच्या दोन गॅलऱ्या आहेत. पूर्वेची लहान, पश्चिमेची मोठी. दोन्ही काळ्या दगडाच्या, तीसेक वर्षांपूर्वीच्या. पायऱ्यांचा वरचा भार मागच्या जाड दगडी भिंतीवर येतो. पश्चिमेच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत एक तडा गेला होता, म्हणून ती गॅलरी काटेरी फांद्या लावून बंद केलेली होती. दुरुस्तीचे काम निघाले तेव्हा जालन्याच्या एका ठेकेदाराने मिस्त्रीला आणून बसवले. दगडाच्या कामाचा जाणकार, एवढीच त्याची ओळख करून दिली गेली.

त्याची पहिली लक्षात राहणारी गोष्ट म्हणजे तो सगळे वाजवून बघायचा. हातात लहान हातोडी असे. तिच्या दांड्याने तो दगड वाजवी, हे समजण्यासारखे होते. पण तो दाराची चौकट वाजवी, कलिंगड वाजवी, पाण्याचा माठ वाजवी. एमआयडीसीतून सळया घेऊन आलेल्या टेम्पोची टाकी त्याने वाजवली, तेव्हा ड्रायव्हर भांडायला उतरला होता. मी एकदा हेल्मेट न काढताच त्याच्याशी बोलायला गेलो. त्याने बोलता बोलता हेल्मेटवर दोन टोले दिले, कान जवळ आणला आणि म्हणाला, "पोकळ न्हाई. पण भरलेलंबी न्हाई."

दुसरी गोष्ट अशी की तो कोणत्याही भिंतीला टेकत नसे. गॅलरीच्या सावलीत मजूर डबे सोडत, तेव्हा हा मैदानाच्या मध्यावर छत्री घेऊन बसे. राहायची सोय पूर्वेच्या गॅलरीखालच्या खोलीत केली होती. तिथे त्याने सिमेंटची पोती ठेवली आणि स्वतः मैदानाच्या दूरच्या टोकाला पत्र्याचे चार तुकडे उभे करून राहिला. विचारले तर म्हणे, "पत्रा पडला तर माणूस उठून बसतो. भिंत पडली तर उठतो का?"

चहा तो अनसूयाबाईंकडेच पीत असे, पण आपला कप घेऊन येई, आणि त्याच किटलीतला चहा आधी दुसऱ्या कोणी प्यालेला बघितल्याशिवाय घोट घेत नसे. मी गेलो की त्याला बरे वाटे. अनसूयाबाई हे बघून एकदा चिडल्या.

"ओ मिस्त्री, जहर काय फुकट भेटतं व्हय? तुमच्यासाठी मी खर्चा करू?"

"म्हून तर आधी पत्रकाराला पाजतो," मिस्त्री म्हणाला. "त्यांचा पेपर खर्चा देईल."

आठवड्याच्या बाजाराला निघाला की तीर्थपुरीला जातो म्हणून सांगे आणि आष्टीच्या गाडीत बसे. मोजायच्या टेप दोन बाळगी. आधी दोन्ही एकमेकींना लावून बघे आणि मगच दगडाला लावी. कोणी एखादी गोष्ट शपथेवर सांगितली की तो ती खोटी धरत असे. "खरं बोलणाऱ्याला शपथेची गरज पडत न्हाई. गरज पडली म्हणजे आत मुरूम हाय," असे त्याचे म्हणणे.

त्याला वाचता येत होते की नाही, हे मला खात्रीने सांगता येत नाही. पूर्व गॅलरीच्या कामावर मी एक छोटी बातमी दिली होती. दुसऱ्या दिवशी त्याने ती अनसूयाबाईंच्या मुलाकडून वाचून घेतली, आणि थोड्या वेळाने फाटकावर थांबलेल्या एका बी-बियाण्यांच्या एजंटाकडून पुन्हा वाचून घेतली. दोघांनी सारखेच वाचले याची खात्री झाल्यावर माझ्याकडे आला.

"तुमी हे कुणासाठी लिहिलं?"

"वाचणाऱ्यांसाठी."

"त्ये झालं तोंड. शेपटी दाखवा."

हा त्याचा ठरलेला शब्द होता. कोणी बढाई मारली, आश्वासन दिले, निरोप आणला, की तो म्हणे, "शेपटी दाखवा." शब्द त्याच्या धंद्यातून आला होता, आणि पुढचे सगळे त्यावरच असल्यामुळे तो समजावून सांगणे भाग आहे.

जाड दगडी भिंतीला दोन अंगे असतात, आतले आणि बाहेरचे. मध्ये लहान दगड आणि सिमेंटचा माल भरतात. ही दोन अंगे एकमेकांना धरून राहावीत म्हणून दर थोड्या अंतरावर एक लांब दगड घालतात, जो या अंगापासून त्या अंगापर्यंत आरपार जातो. पण दगड एकदा बसला की बाहेरून त्याचे तोंड तेवढे दिसते. तो आत हातभर आहे की वीतभर, हे कळायला मार्ग नाही. म्हणून अशा दगडाच्या तोंडावर पांढऱ्या रंगाचा टिपका मारायची पद्धत आहे. तपासायला येणारा टिपके मोजतो आणि जातो. आत गेलेल्या टोकाला मिस्त्री शेपटी म्हणत असे.

पूर्व गॅलरीच्या भिंतीचा पायऱ्यांपलीकडचा पडलेला भाग त्याने नव्याने बांधला, तेव्हा एकाही दगडावर टिपका मारला नाही. उलट प्रत्येक आरपार दगडाचे टोक मैदानाच्या बाजूने हाताच्या पंजाएवढे बाहेर काढून ठेवले. भिंतीला खुंट्या ठोकाव्यात तसे ते दिसत होते. शाखा अभियंता बघायला आले. तरुण होते, नेमस्त होते, आवाज चढवणारे नव्हते.

"मिस्त्री, हे काय करून ठेवलं?"

"शेपट्या हायत, साहेब. मोजा."

"अहो, छाटून टाका आणि टिपके मारा. नियमात तसंच आहे."

"टिपका रंगाचा असतो, साहेब. दगडाचा न्हाई."

"म्हणजे टिपका मारणारा खोटं बोलतो असं म्हणायचंय का तुम्हाला?"

"मी कुणाला काय म्हणालो? मी म्हणालो मोजा."

अभियंत्यांनी मोजल्या. बांधकाम उत्तम होते, दिसायला वाईट होते. छाटायला लावले तर मिस्त्री काम सोडून जाईल, असे ठेकेदाराने सांगितल्यामुळे त्या तशाच राहिल्या. माझी बातमी याच विचित्र दिसणाऱ्या भिंतीवर होती. खो-खोच्या मुलींनी पहिल्याच आठवड्यात त्या शेपट्यांना दप्तरे आणि पाण्याच्या बाटल्या अडकवायला सुरुवात केली. मिस्त्रीने हे बघितले, एक दप्तर खाली ओढून बघितले, आणि पुन्हा अडकवले.

या मुलींच्या मॅडमविषयी इथे सांगायला हवे. त्या तालुक्याच्या शाळेत क्रीडा शिक्षिका. रोज पहाटे मुलींना मैदानावर पळवीत. शाळेच्या परीक्षा संपल्यावर एप्रिलमध्ये जिल्ह्याची खो-खो स्पर्धा आपल्या मैदानावर भरावी यासाठी त्यांनी वर्षभर खेटे घातले होते. कारण साधे होते. मुली आसपासच्या खेड्यांतल्या, शेतकऱ्यांच्या घरच्या. त्या जालन्याला जाऊन खेळून येत, ढाली आणत, पण त्यांचा खेळ घरच्या कोणीही कधी पाहिला नव्हता. दहावी झाली की बहुतेकींचा खेळ बंद होई. "बापानं एकदा खेळताना बघितलं ना, तर तो पोरीला दोन वर्षं जास्त ठेवतो," असे मॅडम म्हणत. स्पर्धा मिळाली होती. अट एकच, प्रेक्षकांच्या बसण्याची सोय. म्हणजे पश्चिम गॅलरी उघडणे. मुलींचे आईबाप जिथे बसणार होते ती जागा म्हणजे तडा गेलेल्या भिंतीवरच्या पायऱ्या.

भिंतीचा तडा जुना आणि थांबलेला आहे की अजून वाढतो आहे, हे ठरवायचे होते. त्यासाठी तड्यावर आडवी काचपट्टी चिकटवतात. तडा हलला तर काच फुटते, आणि मग भिंत उघडून बघतात. हंगामभर शाबूत राहिली तर तडा मेलेला समजतात, बुजवतात आणि जागा वापरायला देतात. अभियंत्यांनी हेच सांगितले. मिस्त्रीला ते पटले नव्हते. मी तेव्हा तिथे होतो.

"काच कातडीचं सांगती, साहेब. पोटातलं न्हाई सांगत."

"पोटात काय असणार? टिपके बघा ना. पाहिजेत त्यापेक्षा दोन जास्तच आहेत."

"तेच म्हणून राह्यलो. जास्त कामून हायत?"

अभियंता हसले. मिस्त्री हसला नाही. त्याने काच चिकटवली. ती पंधरवड्यात फुटली. दुसरी लावली, तीही फुटली.

पहिली काच फुटली तेव्हा लोक घाबरले. दुसरी फुटली तेव्हा शंका आली. तिसऱ्या वेळी फाटकावर तीन मते तयार होती. एक मत असे की काम लांबले म्हणजे मिस्त्रीची रोजी लांबते. दुसरे मत, ही दगडी गॅलरी पाडून नवी काँक्रीटची बांधायचा कोणाचा तरी डाव आहे आणि मिस्त्री त्याचा माणूस. तिसरे मत, स्पर्धा दुसऱ्या तालुक्याला पळवायची आहे. तिन्ही मतांना पुरावा नव्हता. मिस्त्री स्वतःही संशय वाटत फिरत होता. कधी म्हणे क्रिकेट खेळणाऱ्या पोरांचा बॉल लागला, कधी म्हणे पोलीस भरतीची पोरे पायऱ्यांवर पळतात. त्या पायऱ्या काट्यांनी बंद होत्या, हे त्याच्या लक्षात आणून दिल्यावर तो उठून दगड वाजवायला लागला. दुसऱ्याच्या प्रत्येक शब्दाची शेपटी मागणाऱ्या माणसाने अशी कच्ची बतावणी करावी, हे मला त्याही वेळी खटकले होते.

चौथी काच लावल्यावर मॅडम पहाटे मुलींच्या आधी मैदानावर येऊ लागल्या. पुढचा प्रसंग त्यांनी सांगितलेला आहे. उजाडत होते. मिस्त्री पत्र्याच्या खोपटातून निघाला, पश्चिमेच्या भिंतीशी गेला, तड्यासमोर उभा राहिला. हाताचा तळवा भिंतीवर ठेवून बराच वेळ तसाच होता. मग काच निरखली. मग हातोडीच्या दांड्याने तिच्यावर एकच टोला दिला.

"मिस्त्री!"

तो दचकला नाही. वळून म्हणाला, "मॅडम, आज जल्दी आल्या."

"काच फोडली तुम्ही."

"व्हय."

"आधीच्यापण?"

"त्याबी."

"लाज नाही वाटत? माझ्या पोरी वर्षभर मरमर मरतायत. तुमचं काय घोडं मारलंय त्यांनी?"

"पोरींनी कुणाचं काय मारलं न्हाई."

"मग का फोडली?"

"आपल्या आपण फुटंना गेली म्हून."

मॅडम सांगत होत्या की हे उत्तर ऐकून त्यांना राग येण्याऐवजी भीती वाटली. माणूस डोक्यातून गेला आहे असे त्यांना वाटले.

त्याच दिवशी दुपारी संकुलाच्या हॉलमध्ये बैठक झाली. अभियंता, मॅडम, ठेकेदाराचा माणूस, क्रीडा संकुल समितीचे काही सदस्य. मी मागे उभा होतो. मिस्त्रीला खुर्ची दिली होती. खुर्ची भिंतीला लागून होती, म्हणून तो बसला नाही. दारात, चौकटीला न टेकता उभा राहिला.

अभियंत्यांनी शांतपणे विचारले, "चारही काचा तुम्ही फोडल्या?"

"व्हय."

"कारण?"

"तुमी म्हणाले, काच फुटली तर भिंत उघडू. म्हून फोडली. तरी तुमी उघडंना. नवी काच आणून राह्यले."

"पण काच शाबूत असेल तर भिंत उघडायची कशाला?"

"तेच तर, साहेब. शाबूत ऱ्हायली तर तुमी उघडणार न्हाईत."

कोणीतरी मोठ्याने हसले. समितीचे एक सदस्य म्हणाले, "मिस्त्री, तुम्हाला दवाखान्यात नेलं पायजे."

"न्या नंतर. आधी भिंत उघडा."

"भिंतीच्या पोटात खराबी आहे हे कशावरून म्हणता?" अभियंत्यांनी विचारले. "वाजवून? की तुम्ही पाहिलंय?"

या प्रश्नावर मिस्त्री थांबला. त्याने हातोडी या हातातून त्या हातात घेतली.  

"साहेब, मी खोटा माणूस हाय," तो शेवटी म्हणाला. "तुमच्यासमोर कबूल केलं, काचा फोडल्या. माझ्यावर बिलकुल इश्वास ठेवू नका. उघडून बघा."

"ही भिंत बांधली कोणी, ते तरी माहीत आहे का?" मॅडमनी विचारले.

"भिंती ठेकेदार बांधत्यात, मॅडम. माणसं निस्ते दगड ठेवत्यात."

त्याला कामावरून काढण्यात आले. संध्याकाळी त्याने पत्रे उतरवले, व्यवस्थित रचून ठेवले, छत्री घेतली. फाटकातून बाहेर पडताना सवयीने फाटकाचा खांब वाजवला. अनसूयाबाईंनी चहा पुढे केला. तो चहा त्याने त्यांच्याच कपातून, दुसरे कोणी प्यायची वाट न बघता प्यायला. कुठे जाणार असे मी विचारले. "तीर्थपुरीला," तो म्हणाला. मी गाडीची पाटी बघितली. गाडी तीर्थपुरीचीच होती.

अभियंत्यांनी पाचवी काच स्वतःच्या हाताने लावली. मार्च गेला. ऊन चढले. काच शाबूत राहिली. तडा मेलेला आहे, असा निष्कर्ष निघाला. गॅलरी वापरास योग्य असल्याचे पत्र तयार होत होते. काट्याच्या फांद्या काढण्यात आल्या. मुलींनी पायऱ्या झाडून काढल्या आणि आपापल्या गावच्या लोकांनी कुठे बसायचे यावरून त्यांच्यात भांडणेही झाली. मिस्त्री खोटा ठरला होता.

त्या दिवसांत मॅडम एका संध्याकाळी चहाला थांबल्या. मीही होतो. त्या म्हणाल्या, "एक कळत नाही. काचा फोडून त्या माणसाला मिळालं काय? कामच गेलं."

अनसूयाबाई भांडी विसळत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तो इथं पहिल्यांदा आल्ता असं वाटतं का तुमाला?"

"म्हणजे?"

"मी लगीन होऊन आले तवा ही भिंत चालू होती. सासू अन् मी बांधकामाला पाणी मारायला जायचो. तवा त्याला मिशी होती. आता न्हाई. पर वाजवायची सवय तीच हाय."

"मग इतके दिवस बोलला का नाहीत?"

"त्यानंबी वळख दाखवली न्हाई. मंग मी कामून दाखवू?" त्या भांडे पुसत राहिल्या. "लई भांडायचा तवा. ठेकेदाराशी रोज कडाकडा. दगड आखूड आणले, हे आणलं, ते आणलं. समदे म्हणायचे ह्याला काढणार. मंग भिंत गुडघ्याएवढी आली तवा एक दिस भांडायचा थांबला. एकाएकी. काम बराबर चालू, पर तोंडातून शब्द न्हाई. काय झालं आमाला काय म्हाईत. लेकरू लहान होतं त्याचं, एवढं म्हाईत हाय."

तो जुना ठेकेदार हयात नाही. या माहितीची मला दुसरीकडून खात्री करून घेता आली नाही.

मॅडमनी चहा अर्धाच ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या अभियंत्यांकडे गेल्या. "एक दगड काढा," त्या म्हणाल्या. "टिपक्याचा. तुम्ही निवडा. आरपार निघाला तर सगळ्यांसमोर माफी मागते."

"काच शाबूत आहे, मॅडम."

"मला काच नको. शेपटी दाखवा."

अभियंत्यांनी वाद घातला नाही. दोन मजूर बोलावले. छातीच्या उंचीवरचा, टिपका ठळक असलेला एक दगड त्यांनी स्वतः निवडला. भोवतीच्या सांध्यांच्या दरजा छिन्नीने मोकळ्या केल्या. दगड सहज हलला. अपेक्षा जड ओझ्याची होती म्हणून दोन्ही मजुरांनी पाय रोवले होते. दगड एकट्याच्या हातात आला. तो वीतभर होता. त्याच्यामागून कोरडा मुरूम, विटांचे तुकडे आणि सिमेंटची जुनी फाटकी गोणी बाहेर आली. मुरूम थोडा वेळ आपोआप घसरत राहिला. अभियंत्यांनी भोकात हात घातला. कोपरापर्यंत गेला. हात बाहेर काढून ते म्हणाले, "दुसरा काढा."

दुसरा वीतभर निघाला. तिसराही. तिसऱ्या दगडाच्या वेळी वरच्या पायरीचा एक सांधा आवाज करून उघडला, तेव्हा त्यांनी सर्वांना मागे घेतले. काच शाबूत होती.

पश्चिम गॅलरीला पुन्हा फांद्या लागल्या. स्पर्धा दुसरीकडे नेण्याचे घाटत होते. मॅडमनी अडून बसून पूर्वेच्या बाजूला जमिनीवर सतरंज्या टाकण्याची परवानगी मिळवली. स्पर्धा तिथेच झाली. मुलींचे आईबाप सतरंज्यांवर बसले. ज्यांना जागा मिळाली नाही ते भिंतीशी उभे राहिले, आणि त्यांच्या डोक्यावर दगडांच्या शेपट्यांना पिशव्या आणि टोप्या लटकत होत्या. यजमान संघ उपांत्य फेरीत हरला.

पश्चिमेची भिंत उतरवायचे काम मे महिन्यात सुरू झाले. वरून एकेक थर काढत आले. टिपका असलेला प्रत्येक दगड बाजूला मांडला जात होता. सगळे आखूड. जमिनीलगतचे दोन थर राहिले तेव्हा काम थांबले, कारण पाया तसाच ठेवून त्यावर नवे बांधकाम करायचे ठरत होते.

मॅडमनी मजुरांकडून मिस्त्रीचा नंबर मिळवला आणि मैदानावरूनच फोन लावला. मी शेजारी होतो. आवाज मोठा ठेवला होता.

"मिस्त्री, मॅडम बोलतेय."

"कोण मॅडम?"

"खो-खोची."

"बसलेल्या पोरी कुणीकडं तोंड करून बसत्यात?"

मॅडमनी माझ्याकडे बघितले. "एक इकडं, एक तिकडं."

"हां. मंग बोला."

"भिंत उतरवली. तुम्ही म्हणत होता ते खरं निघालं. टिपक्याचे दगड आखूड आहेत. सगळे."

 पलीकडून बाजारातला आवाज येत होता.

"पोरी खेळल्या का?"

"खेळल्या. लोक खाली बसले होते, सतरंज्यांवर."

"बराबर."

"मिस्त्री, तुम्ही तेव्हाच का नाही सांगितलं? की ही भिंत—"

"कुठपोत उतरवली?" त्याने मध्येच विचारले.

"खालचे दोन थर राहिलेत."

"ते उघडले का?"

"नाही. तो पाया ठेवणार आहेत म्हणे."

"उघडा," मिस्त्री म्हणाला. "बघा."

फोन बंद झाला. त्यानंतर तो लागला नाही. तीर्थपुरीत चौकशी केली, तिथे या वर्णनाचा माणूस कोणाला माहीत नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी अभियंत्यांनी आपल्यासमोर खालचे दोन थर उघडून घेतले. टिपका असलेला एकेक दगड दोन्ही टोकांपर्यंत मोकळा केला आणि टेप लावली. दोन्ही थरांतले सगळे दगड आरपार होते.